कुटुंबनिवास, जपानमधील

कुटुंबनिवास, जपानमधील : सांस्कृतिक विनिमयाच्या एखाद्या कार्यक्रमान्वये जपानमध्ये आलेल्या परदेशी युवकाने हॉटेल वा वसतिगृहाऐवजी एखाद्या जपानी कुटुंबात राहणे व त्या कुटुंबाच्या नित्य व्यवहारांत सहभागी होणे, यास कुटुंबनिवास (होमस्टे) म्हणतात. ही संज्ञा जपानी भाषेत ‘होमुसुतेई’ या रूपाने रूढ झाली आहे. निवासाचा काळ दोन रात्रींपासून एका शालेय वर्षापर्यंत असू शकतो. भाषाशाळांमार्फत होणाऱ्या व्यवस्थेत कुटुंबाला पैसे दिले जातात; विनिमय-संस्थांच्या योजनांत मात्र यजमान कुटुंबाने मोबदला न घेण्याचा संकेत सामान्यतः पाळला जातो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे. वरवर पाहता ही प्रवासातील निवासाची एक सोय वाटते; परंतु जपानी समाजात घर आणि बाहेर यांमधील सीमारेषा इतकी स्पष्ट आहे की, परक्या मुलाला काही महिने घरात ठेवून घेणे ही तेथे साधी गोष्ट नव्हे.

‘होमस्टे’ ही कल्पना जपानी नाही. अमेरिकेतील डॉनल्ड वॉट यांनी १९३२ मध्ये ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला आणि अमेरिकन युवकांचा पहिला गट यूरोपात नेला. परिषदा व व्याख्याने यांपेक्षा एका छपराखाली राहण्याने माणसे एकमेकांना अधिक ओळखतात, हे या उपक्रमामागील सूत्र होते. जपान व अमेरिका यांच्यात तत्पूर्वीच सद्‌भावनेचे काही प्रयत्न झाले होते. १९२७ मध्ये अमेरिकेतील मुलांच्या वतीने बारा हजारांहून अधिक बाहुल्या जपानी शाळांना पाठविण्यात आल्या. जपानने उत्तरादाखल किमोनो ल्यालेल्या ५८ मोठ्या बाहुल्या पाठविल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन बाहुल्यांपैकी बहुतेक शत्रूच्या वस्तू म्हणून नष्ट झाल्या. काही शिक्षकांनी लपवून ठेवल्यामुळे सुमारे तीनशे वाचल्या. १९३४ मध्ये जपानी विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने जपान-अमेरिका विद्यार्थी परिषद भरली. तीही युद्धाने खंडित झाली. बाहुली किंवा परिषद यांच्यापेक्षा माणसाचे सान्निध्य अधिक टिकाऊ ठरेल, अशी अपेक्षा युद्धोत्तर विनिमय-योजनांमागे होती.

या योजनांत ‘एएफएस’ (अमेरिकन फील्ड सर्व्हिस) ही संस्था अग्रगण्य होय. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर जखमींची वाहतूक करणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांतून ती उदयास आली आणि १९४७ मध्ये तिने शालेय विद्यार्थ्यांचा विनिमय सुरू केला. जपानचा तीत १९५४ मध्ये समावेश झाला. ‘यूथ फॉर अंडरस्टँडिंग’ (स्थापना १९५१) तसेच रोटरी व लायन्स या संघटनांनीही पुढे अशाच योजना जपानमध्ये राबविल्या. प्रारंभी हा प्रवाह मुख्यतः जपानकडून अमेरिकेकडे वाहत होता. परकीय चलनाच्या टंचाईमुळे जपानी नागरिकांच्या केवळ पर्यटनासाठी होणाऱ्या परदेशप्रवासावर १९६४ पर्यंत निर्बंध होते; अशा काळात एखाद्या जपानी मुलाने अमेरिकन कुटुंबात वर्षभर राहणे, हे त्याच्या गावाच्या दृष्टीनेही अपूर्व होते. परदेशात यजमान कुटुंबाचा अनुभव घेऊन आलेली ही पिढी पुढे संसारात पडली आणि परदेशी मुलांसाठी आपली घरे उघडू लागली. जपानमधील यजमान कुटुंबांच्या परंपरेचे एक मूळ या परतफेडीच्या भावनेत आहे.

शासनानेही या क्षेत्रात लक्ष घातले. तत्कालीन युवराज आकिहितो यांच्या १९५९ मधील विवाहाच्या स्मरणार्थ जपानी युवकांना परदेशी पाठविण्याची योजना सुरू झाली. मेजी युगाच्या शताब्दीनिमित्त १९६७ मध्ये ‘युवक नौका’ हा उपक्रम आखण्यात आला. परंतु कुटुंबनिवासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची योजना १९७४ मधील ‘आग्नेय आशियाई युवक नौका’ ही होय. त्या वर्षीच्या जानेवारीत जपानचे पंतप्रधान काकुएई तानाका यांनी फिलिपीन्स, थायलंड, सिंगापूर, मलेशिया व इंडोनेशिया या देशांचा दौरा केला. जपानी मालाने व भांडवलाने या देशांच्या बाजारपेठा व्यापल्या होत्या आणि युद्धकालीन ताब्याच्या आठवणी ताज्या होत्या. बँकॉकमध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. जाकार्तात दंगल उसळून जपानी मोटारी जाळण्यात आल्या. त्याच वर्षी या पाच देशांच्या सहकार्याने युवक नौकेची योजना सुरू झाली. अठरा ते तीस वर्षे वयाचे युवक सुमारे पन्नास दिवस एकाच जहाजावर राहतात, बंदराबंदरांवर उतरतात आणि प्रत्येक देशात दोन-तीन दिवस स्थानिक कुटुंबांत काढतात, असे तिचे स्वरूप होते. पुढे ब्रुनेई, व्हिएटनाम, लाओस, म्यानमार व कंबोडिया हे देशही तीत आले. ज्या देशाच्या मोटारी जाळल्या गेल्या, त्याच देशाच्या युवकांना जाकार्तातील कुटुंबांनी घरात घ्यावे आणि इंडोनेशियाच्या युवकांनी जपानी घरात निजावे, ही कल्पना त्या परिस्थितीत धाडसाचीच होती. व्यापाराविषयीचा असंतोष अशा भेटींनी मिटत नाही, हा त्या काळचा आक्षेपही रास्त होता. १९८८ पासून ‘जागतिक युवक नौका’ ही याच धर्तीवरील योजना सुरू झाली. तीत भारतीय युवकांनीही भाग घेतला आहे.

जपानी घराला परक्याचे वावडे का, हे समजण्यासाठी ‘उची’ (आत, आपले घर, आपली माणसे) आणि ‘सोतो’ (बाहेर, परके) या दोन शब्दांचा आशय ध्यानात घ्यावा लागतो. हा भेद भाषेतही उतरला आहे. आपल्या घरच्या माणसाविषयी बाहेर बोलताना विनयाची कनिष्ठ रूपे व परक्याच्या माणसाविषयी आदराची रूपे योजावी लागतात. ‘माझी आई’ आणि ‘तुमची आई’ यांसाठी शब्दच निराळे आहेत. कार्यालयातील सहकारी वर्षानुवर्षे एकत्र काम करतात, उपाहारगृहांत एकत्र जेवतात. परंतु एकमेकांच्या घरी गेलेले नसतात, असे सर्रास आढळते. घरे लहान असणे हेही याचे एक कारण आहे. खोलीचे माप तेथे अजूनही तातामी चटयांच्या संख्येने सांगतात. एक चटई साधारणतः १·८ मी. लांब व ०·९ मी. रुंद असते. सहा चटयांची खोली पाहुण्याला देणे म्हणजे पुष्कळदा घरातील मुलाने आपली खोली सोडणे होय.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. मानवशास्त्रज्ञ चिए नाकाने (१९२६–२०२१) यांनी जपानी समाजरचनेवरील आपल्या १९६७ च्या ग्रंथात एक विचार मांडला. नाकाने यांनी भारतात क्षेत्रीय संशोधन केलेले होते. भारतात माणूस मुख्यतः जन्माने येणाऱ्या नात्याने व जातीने ओळखला जातो, तर जपानमध्ये तो ज्या चौकटीत राहतो व काम करतो तिच्यावरून ओळखला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘इए’ म्हणजे जपानी घराणे, हे रक्तसंबंधांपेक्षा सहनिवासाने बांधलेले असते. लग्न होऊन गेलेल्या मुलीपेक्षा घरात आलेली सून त्या घराची अधिक. वेगळे घर केलेल्या भावापेक्षा दत्तक घेतलेला जावई अधिक. असा जावई पत्नीचे कुलनाम घेतो, प्रसंगी घराण्याचा धंदा सांभाळतो आणि पुढे घराचा प्रमुखही होतो. मराठीतील ‘घरजावई’ या शब्दाला चिकटलेला उपहास तेथे त्याच्या वाट्याला त्या प्रमाणात येत नाही. नाकाने यांचे हे चित्र काहीसे ठोकळेबाज आहे, अशी टीका झाली असली, तरी कुटुंबनिवासाच्या संदर्भात ते बरेच उद्‌बोधक ठरते. घराचा उंबरठा ओलांडणे कठीण. मात्र एकदा ओलांडून आत राहू लागलेल्या व्यक्तीला, ती कोणत्या कुळातील वा देशातील आहे हे बाजूला ठेवून, घरचे मानण्याची सोय या व्यवस्थेत आहे. निवासी युवकाचे सारे यशापयश ‘ओक्याकुसान’ (पाहुणा) या अवस्थेतून तो किती लवकर बाहेर पडतो यावर अवलंबून असते.

हा उंबरठा जपानी घरात अक्षरशः दिसतो. दारातून आत आल्यावर ‘गेन्कान’ हा खालच्या पातळीवरील भाग लागतो. तेथे पादत्राणे काढून, पायरी चढून घरात यावयाचे आणि काढलेली पादत्राणे बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवावयाची. घरात सपाता वापरतात, पण तातामीवर त्याही चालत नाहीत. शौचालयासाठी वेगळ्या सपाता असतात. त्या पायांत तशाच ठेवून बैठकीच्या खोलीत येणे, ही परदेशी युवकांची हमखास होणारी व यजमानांनी पुढे वर्षानुवर्षे हसत सांगितलेली चूक आहे. पादत्राणे दाराशी काढण्याची सवय असलेल्या भारतीय युवकाला या नियमांचे ओझे पाश्चात्त्य युवकाइतके वाटत नाही.

घराबाहेर पडताना ‘इत्तेकिमासु’ म्हणावयाचे असते. या शब्दाचा अर्थ ‘जाऊन येतो’ असाच आहे. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणण्याची मराठी रीत माहीत असलेल्याला तो शिकवावा लागत नाही. घरातील माणसे ‘इत्तेराश्शाई’ (जाऊन या) असे उत्तर देतात. परत आल्यावर दारातूनच ‘तादाइमा’ (आत्ताच आलो) असे म्हणतात आणि आतून ‘ओकाएरि’ (आलास का) असा प्रतिसाद येतो. हे चार शब्द घरच्या माणसांचे आहेत. पाहुणा आत येताना ‘ओजामाशिमासु’ (आपणांस त्रास देतो) असे म्हणतो. निवासी युवकाने पहिल्या दिवशी ‘ओजामाशिमासु’ व दुसऱ्या दिवशी ‘तादाइमा’ म्हणावे, अशी अपेक्षा असते. वर्षभर राहून गेलेल्यांच्या आठवणींत या एका शब्दाचा उल्लेख वारंवार येतो.

संबोधनांचेही असेच आहे. ताकाओ सुझुकी या भाषाशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले की, जपानी कुटुंबात सर्वांत धाकट्या मुलाच्या नात्याने सर्वांना हाका मारल्या जातात. पत्नी पतीला ‘ओतोओसान’ (बाबा) म्हणते, आई थोरल्या मुलाला ‘ओनीइचान’ (दादा) म्हणते आणि नातवंड झाल्यावर सारे घर आजीला आजी म्हणू लागते. मराठी कुटुंबांतही हा प्रघात अपरिचित नाही. त्यामुळे निवासी युवकाने यजमान पतिपत्नींना आडनावाने न संबोधता ‘ओतोओसान’ व ‘ओकाआसान’ (आई) म्हणणे ही केवळ लाडिक पद्धत राहत नाही. त्या शब्दांबरोबर त्याला घरातील क्रमात एक जागा मिळते. धाकट्या मुलाच्या दृष्टीने तो दादा वा ताई होतो आणि त्या नात्याची कामेही त्याच्याकडे येतात.

दिवसाचा केंद्रबिंदू रात्रीचे जेवण आणि स्नान हा असतो. जेवणापूर्वी हात जोडून ‘इतादाकिमासु’ (नम्रपणे स्वीकारतो) व जेवणानंतर ‘गोचिसोसामा’ असे म्हणतात. चॉपस्टिकांचे काही निषेध कटाक्षाने पाळले जातात. भातात त्या उभ्या खोचणे हे मृतासमोर ठेवावयाच्या भाताचे लक्षण. एकाच्या चॉपस्टिकांतून दुसऱ्याच्या चॉपस्टिकांत घास देणे म्हणजे दहनानंतर अस्थी उचलण्याच्या विधीची नक्कल. निषेधाचे कारण जेवताना कोणी सांगत नाही. टेबलाभोवती क्षणभर शांतता पसरते आणि युवकाला ते नंतर केव्हा तरी कळते. स्नानगृहात (ओफुरो) टबाबाहेर बसून साबण लावून, अंग स्वच्छ धुऊन मगच गरम पाण्यात उतरावयाचे असते, कारण तेच पाणी घरातील सर्वजण एकामागून एक वापरतात. स्नानाचा क्रम हा मानाचा प्रश्न असतो. पाहुण्याला पहिला मान मिळतो; त्यामुळे काही आठवड्यांनी युवकाचा क्रम शाळेतून व क्लबातून परतण्याच्या वेळेनुसार मागेपुढे होऊ लागला, की त्याला घरातला मानल्याचे ते चिन्ह समजावे. पहिल्याच रात्री टबाचा बूच काढून सर्वांचे पाणी सोडून देणारे युवक प्रत्येक पिढीत निघतात.

अनेक घरांत ‘बुत्सुदान’ ही पूर्वजांची वेदिका असते. सकाळी तिच्यापुढे भात व पाणी वा चहा ठेवून लहानशी घंटा वाजवितात. निवासी युवकाने आणलेली भेटवस्तू उघडण्यापूर्वी काही घरांत प्रथम तेथे ठेवली जाते. धर्माविषयी विचारता ‘आमचा विशेष असा धर्म नाही’ असे सांगणाऱ्या कुटुंबातही हे घडते, याचे परदेशी युवकांना नवल वाटते.

या साऱ्याचा भार प्रामुख्याने यजमान आईवर पडतो. उच्च माध्यमिक शाळांत सामान्यतः शालेय भोजन नसते. त्यामुळे पहाटे उठून घरच्या मुलांबरोबर पाहुण्याचाही ‘बेन्तो’ (जेवणाचा डबा) ती भरते. संध्याकाळी तो उशिरा येणार असेल, तर त्याने कळविणे आवश्यक असते. न कळविल्यास जेवण झाकून ठेवून ती वाट पाहते. कुटुंबनिवासातील भांडणे धर्म, राजकारण वा इतिहास यांवरून क्वचितच होतात; ती बहुधा अशा न कळविलेल्या उशिरावरून होतात. विनिमय-संस्थांच्या पत्रकांत सांस्कृतिक सामंजस्याविषयी पुष्कळ लिहिलेले असते, पण डबा कोण भरतो याविषयी फारसे नसते.

मनोविकारतज्ज्ञ ताकेओ दोई (१९२०–२००९) यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘अमाए’ या कल्पनेचे विवेचन केले. दुसऱ्याच्या मायेवर विसंबून राहणे, हक्काने लाड करून घेणे, असा तिचा आशय आहे. या विवेचनाचा उगमच पाहुणचाराच्या एका प्रसंगात होता. १९५० मध्ये अमेरिकेत गेले असता दोई एका घरी भेटीस गेले. भूक लागली आहे का, आइसक्रीम घ्याल का, असे यजमानाने विचारले. भूक असूनही प्रथमभेटीत तसे सांगणे अशिष्ट, म्हणून त्यांनी नकार दिला. यजमान पुन्हा आग्रह करील अशी अपेक्षा होती. यजमानाने नकार खरा मानला आणि विषय तेथेच संपला. आग्रहाची संस्कृती असलेल्या मराठी वाचकाला दोईंची अडचण सहज कळेल. जपानी कुटुंबात राहणाऱ्या युवकाची अडचण नेमकी याच्या उलट असते. तेथे विचारण्यापूर्वीच वाढले जाते आणि त्याला नको असलेलेही ‘नको’ म्हणता येत नाही. ‘एन्र्यो’ म्हणजे संकोच वा भीड हा पाहुण्याचा गुण मानला जातो, पण घरच्या माणसात तो दोष ठरतो. भीड सोडा, असे यजमान वारंवार सांगतात. ती नेमकी केव्हा सोडावयाची, हे मात्र सांगत नाहीत.

भारतीय शाकाहारी युवकाचा अनुभव येथे उल्लेखनीय आहे. जपानी स्वयंपाकातील बहुतेक रसभाज्या व सूप यांच्या मुळाशी ‘दाशी’ हे पाणी असते व ते सामान्यतः सुकविलेल्या बोनिटो माशाच्या कापांपासून (कात्सुओबुशी) काढतात. ‘मी मांस खात नाही’ असे सांगितल्यावर मांसाचे तुकडे वगळले जातात, पण दाशी तशीच राहते. ती मासळी आहे हे यजमानाच्या मनातही येत नाही. उपाय जपानी परंपरेतच आहे : बौद्ध मठांच्या ‘शोजिन’ पाकपद्धतीत कोम्बू ही समुद्रवनस्पती व वाळविलेली शिइताके अळंबी यांची दाशी वापरतात. हे ज्याला प्रस्थानापूर्वी माहीत असते, तो पहिल्याच दिवशी नेमके सांगू शकतो. इंडोनेशिया व मलेशियातील मुस्लिम युवकांच्या बाबतीत मिरिन व साके या मद्ययुक्त द्रव्यांचा स्वयंपाकातील वापर असाच प्रश्न उभा करतो. आपल्या आचाराविषयी गप्प राहून अर्धपोटी राहणारा युवक यजमानाला अधिक संकटात टाकतो, असे या क्षेत्रातील अनुभवी स्वयंसेवकांचे मत आढळते.

सर्वच निवास सुखाचे होत नाहीत. आपल्या मुलांना इंग्रजी यावे एवढ्याच हेतूने काही कुटुंबे पाहुणा घेतात आणि जपानी शिकण्यास आलेला युवक वर्षभर इंग्रजीच बोलत राहतो. वर्ण व देश यांविषयीचे पूर्वग्रहही दिसतात. आशियाई वा आफ्रिकी युवकापेक्षा गौरवर्णीय इंग्रजीभाषकाला घर मिळणे सोपे जाते, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. दीर्घ निवासाच्या योजनांत म्हणूनच कुटुंबाखेरीज एक स्थानिक संपर्क-स्वयंसेवक नेमलेला असतो आणि गरज पडल्यास कुटुंब बदलता येते. रोटरीच्या योजनेत तर एका वर्षात तीन-चार कुटुंबे बदलण्याचाच प्रघात आहे. यामुळे अनुभव विस्तारतो हे खरे. परंतु प्रत्येक घरात पुन्हा पाहुणा म्हणूनच सुरुवात करावी लागते.

या व्यवस्थेत दोन्ही बाजूंनी केवढा विश्वास गुंतलेला असतो, हे १९९२ मधील एका दुर्घटनेने प्रकर्षाने दिसून आले. नागोयाचा सोळा वर्षांचा विद्यार्थी योशिहिरो हात्तोरी हा एएफएसमार्फत अमेरिकेत लुइझिॲना राज्यातील बॅटन रूझ येथील एका कुटुंबात राहत होता. १७ ऑक्टोबर रोजी यजमान कुटुंबातील मुलाबरोबर हॅलोवीनच्या मेजवानीस जाताना तो चुकून शेजारच्या भलत्याच घराच्या दाराशी गेला. घरमालकाने बंदूक रोखून थांबण्याचा इशारा दिला. तो योशिहिरोला बहुधा कळला नाही, आणि गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. १९९३ मध्ये फौजदारी न्यायालयात ज्यूरीने घरमालकास निर्दोष ठरविले. दिवाणी दाव्यात मात्र त्याच्यावर भरपाईची जबाबदारी ठेवण्यात आली. योशिहिरोच्या आईवडिलांनी घराघरांत बंदूक बाळगण्याविरुद्ध जपानमध्ये सुमारे १७ लाख सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले. मुलाचे यजमान कुटुंबही या मोहिमेत त्यांच्याबरोबर होते. त्यांनी मुलाच्या नावे एक निधी उभारला. त्यातून अमेरिकन विद्यार्थ्यास जपानमध्ये राहण्यासाठी शिष्यवृत्ती दिली जाते. ज्या देशात मुलगा गमावला, त्याच देशातील मुलाला दरवर्षी जपानी घरात आणण्याची ही योजना कुटुंबनिवासाच्या इतिहासात एकमेव म्हणावी लागेल.

एकविसाव्या शतकात विनिमयाचे प्रमाण वाढले, पण निवासाचा काळ घटला. पूर्व आशिया शिखर परिषदेत जानेवारी २००७ मध्ये पंतप्रधान शिन्झो आबे यांनी ‘जेनेसिस’ ही योजना जाहीर केली. पाच वर्षे दरवर्षी सुमारे सहा हजार युवकांना जपानमध्ये बोलाविण्यासाठी ३५ अब्ज येनची तरतूद तीत होती. परिषदेचा सदस्य या नात्याने भारताचाही तीत समावेश झाला आणि २०१३ पासून तिचा पुढील टप्पा सुरू झाला. अशा दौऱ्यात आठ-दहा दिवसांपैकी दोन-तीन दिवसच कुटुंबात काढले जातात. पुष्कळदा ते ग्रामीण भागातील शेतकरी कुटुंब असते. भाताच्या खाचरात एक सकाळ, रात्री एकत्र स्वयंपाक, निरोपाच्या वेळी अश्रू, असा त्यांचा साचा ठरून गेला आहे. हे अश्रू खोटे नसतात. तथापि दोन दिवसांत युवक ओक्याकुसान म्हणून येतो आणि ओक्याकुसान म्हणूनच परततो. स्नानाचा पहिला मान त्याच्याकडून कोणी काढून घेत नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध प्रामुख्याने जपानी भाषेचे अध्ययन व शहराशहरांतील मैत्री यांद्वारे येतो. मुंबई व योकोहामा ही १९६५ पासून भगिनी-शहरे आहेत. पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा येथील कोराकुएन या प्रसिद्ध उद्यानाच्या धर्तीवर रचलेले असून ते पुणे व ओकायामा यांच्या मैत्रीचे द्योतक आहे. महाराष्ट्र शासन व वाकायामा प्रांत यांच्यात २०१३ मध्ये सहकार्याचा करार झाला. जपानी भाषा शिकणाऱ्यांची पुण्यातील संख्या मोठी आहे आणि कुटुंबनिवासासाठी जाणाऱ्या भारतीय युवकांत भाषेचे विद्यार्थी ठळकपणे दिसतात. भाषा येत असल्यास युवक घरचा लवकर होतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात आदराची रूपे व्यवस्थित शिकून गेलेला विद्यार्थी तीच रूपे जेवणाच्या टेबलावर वापरत राहतो आणि आपण होऊन परका राहतो, हेही पाहावयास मिळते.

यजमान कुटुंबे मिळणे ही सध्याची मुख्य अडचण आहे. १९५३ मध्ये जपानी कुटुंबात सरासरी पाच व्यक्ती होत्या; २०२० च्या जनगणनेत ही सरासरी २·२१ वर आली आणि एकूण कुटुंबांपैकी सुमारे ३८ टक्के एकट्या व्यक्तीची असल्याचे आढळले. आजी-आजोबा, बुत्सुदान व शाळेत जाणारी मुले असलेले ज्या प्रकारचे घर विनिमय-संस्थांच्या पत्रकांत दिसते, ते आता अल्पसंख्य झाले आहे. गृहिणी नोकरी करू लागल्यामुळे दिवसभर घरी असणारी यजमान आईही विरळ झाली. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० ते २०२२ या काळात जपानने आपल्या सीमा बव्हंशी बंद ठेवल्या. अनेक कार्यक्रम दूरदृश्य माध्यमातून घेण्यात आले आणि काही जुनी यजमान कुटुंबे वयोमानामुळे पुन्हा या कामाकडे वळली नाहीत. त्यांची जागा काही प्रमाणात मुले दूर गेलेली साठीपुढील दांपत्ये, एकपालक कुटुंबे व लहान मुले असलेली तरुण जोडपी घेत आहेत. वृद्ध दांपत्याच्या घरी पाहुण्याला दादा वा ताई म्हणणारे धाकटे भावंड नसते. तेथे तो पुष्कळदा नातवाच्या जागी येतो आणि घरातील संबोधने बऱ्याच वर्षांनी पुन्हा बदलतात.